ओल्शिनाचं घर, बघताना

विटोल्डने वीजबिलाच्या पाठीवर मधोमध रेघ ओढली.
डावीकडे लिहिलं: झाडं, तीन. दोन सफरचंदाची,
तिसरं कसलं ते पानं आल्यावर कळेल.
उजवीकडे लिहिलं: बस.
आणि पेन तिथेच अडलं,
कारण बसचं गाऱ्हाणं एका शब्दात मावत नाही.

माझी रात्रपाळी सुटते सातला.
ओल्शिनाला जाणारी पहिली बस नऊ चाळीसला.
म्हणजे व्रोत्सवाफच्या स्टँडवर, थर्मासमधल्या गार चहासोबत
आयुष्यातले किती तास बसून काढायचे,
ते मी मनात मोजलं आणि त्याला सांगितलं नाही.

आत्ता राहतो तिथे चौथा मजला, बेचाळीस चौरस मीटर.
पलीकडचे आजोबा खोकले की आमच्या कपाटातले पेले वाजतात.
तेवढ्याच पैशांत इथे तळघर, माळा, अंगण,
आणि तीस वर्षांचं कर्ज. ते दोन्हीकडे सारखंच,
म्हणून कागदावर कुठेच नाही.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहत होतो बूट काढून,
दुसऱ्याच्या गालिच्यावर, मोज्याला भोक असताना.

मैल्याची टाकी अंगणात. दर तीन आठवड्यांनी टँकर,
आणि त्या दिवशी गल्लीभर दरवळतं
कुणाकडे पाहुणे येऊन गेले ते.
संध्याकाळी पाचला सगळी धुराडी एकदम सुरू.
गावची मोकळी हवा, ती एप्रिलपासून.
शेतापलीकडे करड्या घरांची रांग, कुंपणं डोक्याच्या वर;
त्यांना अजून 'नवे' म्हणतात. अकरा वर्षं झाली.

शेजारच्या गेरार्डने कुंपणावरून विचारलं:
मत कुणाला देता?
मग: कुत्रा पाळणार?
मग, आम्ही गप्पच आहोत असं बघून: अंडी हवीत का?
अंडी डावीकडे. गेरार्ड
कुठे लिहावा ते ठरेना.

ब्रोनिस्लावाबाई काहीच विकत असल्यासारख्या बोलत नव्हत्या.
स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबल्या.
चौकटीवर पेन्सिलच्या खुणा:
मिरेक, सहा वर्षं. हेला, चार. परत मिरेक, मान वाढलेला.
आणि त्या सगळ्यांच्या वर,
माझ्या खांद्याला लागेल अशी, तैलरंगाची निळी रेघ.

"ही कोण?" कालिनाने विचारलं.
"ही नदी," बाई म्हणाल्या.
"जुलैत आली होती. चार दिवस राहिली."

एजंट खाकरला. बंधारा आता दीड मीटर उंच केलाय, म्हणाला,
नकाशा आहे त्याच्या फोनमध्ये.
"केलाय खरा," बाई म्हणाल्या,
"नदीला कुणी कळवलंय का, ते विचारायला हवं."

मग माझ्याकडे वळून, हळू:
"रंग मार म्हणत होता हा. डबासुद्धा आणून दिला.
पण मारला असता तर मुलंही गेली असती ना खाली."

आम्ही तळघरात उतरलो. ओल बघितली. भिंतीला नाक लावलं.
मागे वरती काय चाललंय ते कळलं नाही.
परत आलो तेव्हा कालिना चौकटीला पाठ टेकून ताठ उभी,
डोक्यावर प्रार्थनेचं जाड पुस्तक,
आणि बाई, चष्मा कपाळावर, जिभेने पेन्सिलचं टोक भिजवत
तिचं नाव लिहीत होत्या.
आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
निळ्या रेघेच्या खाली, एक वीत आणि दोन बोटं.

थांब्यावर वारा होता. कालिना म्हणाली,
पुढच्या वर्षी मी नदीएवढी होईन.
विटोल्डने खिशातून कागद काढला, मांडीवर सारखा केला,
रेघ कुठल्या बाजूला घालायची ते बघत राहिला.

बस एकोणीस मिनिटं उशिरा आली.
ते त्याने लिहिलं नाही.